ओली लाल मिरची

मनूला मिरची माहीत नव्हती.

कांदा, लसूण, कुत्र्याची छत्री हे सगळं त्यानं पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य करून ठेवलं. दहाव्या अध्यायात चांडाळाला अन्न फुटक्या भांड्यातून द्यावं असं लिहिलं, शूद्र सेवकाला उष्टं अन्न नि जुनी वस्त्रं द्यावीत असंही लिहिलं. कोणाच्या ताटात काय पडावं याचा इतका बारीक हिशेब मांडणारा माणूस मिरचीबद्दल मात्र चकार शब्द बोलत नाही. कारण सोपं आहे. त्याच्या काळी मिरची या देशात नव्हतीच. ज्या पुस्तकाची होळी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झाली, त्या पुस्तकाच्या तावडीतून सुटलेली ही एक वस्तू. म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

परवा एका तरुण कार्यकर्त्याला हे बोललो तर तो हसला. म्हणाला, चळवळीचे एवढे प्रश्न पडलेत, तुम्हाला ठेचा कुठून आठवला? मी त्याला विचारलं, तुझ्या घरी तूप कधीपासून आहे? तो गप्प झाला. म्हणाला, बाबा नोकरीला लागल्यापासून. आणि त्याआधी भाकरीवर काय होतं? या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं, फक्त त्याला इतिहास म्हणायची सवय नव्हती. राजांच्या मोहिमा इतिहास, पेशव्यांच्या पंगती इतिहास, नि आपल्या आजीची मिठाची बरणी ही घरगुती गोष्ट! ही वाटणी कोणी केली?

तर मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिको नि त्याच्या आसपासच्या मुलखातल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी ती रानातून उचलून शेतात लावली, बी निवडत निवडत वाढवली. कुठल्या राजानं नाही, कुठल्या ऋषीनं नाही. कोलंबस १४९२ साली निघाला तो हिंदुस्थान नि इथली मिरी शोधायला. पोचला भलतीकडेच. तिथल्या बेटांवरचे लोक एक तिखट फळ खात होते, त्याला ते 'आही' म्हणत. कोलंबसाच्या लोकांनी त्याला मिरीचंच नाव चिकटवलं, जसं तिथल्या माणसांना हिंदी माणसांचं नाव चिकटवलं. ज्यांनी मिरची जगाला दिली ती माणसं पुढच्या काही दशकांत गुलामीनं, तलवारीनं आणि देवीसारख्या रोगांनी जवळपास संपवली गेली. त्यांची भाषा गेली, गावं गेली, मिरची राहिली. जगातली कितीतरी माणसं आज ज्या चवीवर जेवतात ती चव मारल्या गेलेल्या लोकांच्या हाताची आहे. हे आपल्याला कळायला वेळ लागू नये.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्याला लागली आणि तिथून घाट चढून वर आली. आपल्याकडेही नावाचा तोच घोळ झाला. तिखट म्हणजे मिरी, म्हणून ही मिरची. त्याआधी इथं तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी, सुंठ यांचा. मिरी मलबारच्या डोंगरातली वेल. तिच्यासाठी जहाजं बुडत, लढाया होत. ती महार-मांगाच्या भाकरीवर पडण्याचा प्रश्नच नव्हता. मिरची मात्र उकिरड्याच्या कडेला, सांडपाण्यावर, झोपडीच्या मागं, कुठंही चार रोपं लावली तरी येते. तिला ना जहाज लागत ना व्यापारी. गरिबाच्या तोंडाला पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचा तिखटपणा मिळाला तो या परदेशी झाडामुळं. जे लोक परदेशी परदेशी म्हणून ऊर बडवतात त्यांनी आपल्या फोडणीतली मिरची आधी वेचून टाकावी, मग बोलावं.

आता भाकरीवर काय, या प्रश्नाकडे येतो.

भाकरी ही नुसती गिळता येत नाही. तिला काहीतरी ओलं लागतं, नाहीतर झणझणीत लागतं. आपल्याकडे त्याला कालवण म्हणतात, कोणी कोरड्यास म्हणतं. ज्याच्याकडे दूध-दुभतं आहे त्याला ताक आहे, तूप आहे. ज्याच्याकडे शेत आहे त्याला डाळ आहे. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला काय? शिवाय नुसतं नसणं ही एक गोष्ट झाली, असूनही खाऊ न देणं ही दुसरी. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिव्यवस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात चकवाड्याची हकीकत दिली आहे. जयपूर संस्थानातलं गाव. एक अस्पृश्य माणूस तीर्थयात्रा करून आला, त्यानं आपल्या जातबांधवांना जेवण घातलं, त्यात तूप वाढलं. जेवण चालू असताना शेकडो सवर्ण हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना मारलं. गुन्हा काय, तर तूप. खर्च यजमानाचा, तूप यजमानाचं, पण तूप हे इज्जतीचं अन्न, ते यांच्या पानात पडलंच कसं?

मिरचीसाठी कोणी लाठ्या घेऊन आल्याचं मी वाचलेलं नाही. तिला इज्जत नव्हती म्हणून ती आपल्याला परवडली, आणि आपली झाली. ठेचा हा गरिबाचा पदार्थ का, याचं उत्तर चवीत शोधू नका. तूप नाही, डाळ नाही, ताक नाही, तेव्हा एक चिमूट ठेच्यावर अख्खी भाकर पोटात जाते. जीभ पेटते, तोंडाला पाणी सुटतं, घास खाली उतरतो. कमीत कमी कालवणात जास्तीत जास्त भाकर, हा ठेच्याचा हिशेब आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मराठवाड्यात परदेशी लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली माणसं हेच सांगतात. ती भाकर गिळली जायची ती मिरचीच्या जोरावर.

पण सगळी मिरची एक नव्हे. हिरवी वेगळी, सुकी वेगळी, आणि या दोघींच्या मधली ओली लाल वेगळी. शहरात वाढलेल्या आपल्या पोरांना ही मधली माहीतच नसते. झाडावर पिकून लाल झालेली, पण अजून रसाची, हाताला गार लागणारी मिरची. हिरवीपेक्षा गोडूस, सुकीपेक्षा वासाची. नागपूर जिल्ह्यात भिवापूरकडे, उत्तरेला नंदुरबारकडे, खाली संकेश्वर-ब्याडगीकडे पावसाळा सरून थंडी पडली की दोन-तीन महिने ती असते, मग संपते. भिवापूरच्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. मानांकन मिरचीला मिळालं, खुडणारीला नाही. पण त्याकडे नंतर येतो.

ओल्या लाल मिरचीचे रस्ते दोन. एक बाजाराचा. शंभर किलो ओली मिरची वाळवली की जातीप्रमाणे पंचवीस ते पस्तीस किलो सुकी उरते. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की ती पोत्यात टिकते, वर्षभर विकता येते, दळता येते. हा रस्ता जमीनवाल्याचा. वाळवायला मोकळं अंगण लागतं, पथारी लागते, राखण लागते, चार पैसे थांबायची ताकद लागते. दुसरा रस्ता मिठाचा. मिरची ओलीच ठेवायची, ठेचून, मिठात मुरवून. हा आपल्या बायांचा रस्ता. कारण मळा आपला नव्हता. मिरचीला विहिरीचं पाणी लागतं, आणि विहिरीची जमीन कोणाची होती ते सांगायला नको. मिरची तोडायला जाणारी बाई संध्याकाळी ओटीत जी मिरची घेऊन यायची ती फुटलेली, पाखरानं चोचलेली, एका बाजूनं पांढरी पडलेली. तिला फटकी म्हणतात. ती वाळवली तर आतून काळी होते, बाजारात चालत नाही. पण चांगला भाग खुडून मिठात टाकली तर वर्ष काढते. मालकाला जे टिकवता येत नव्हतं ते आमच्या बायांनी टिकवलं.

माझी आजी हे काम कसं करायची ते इथं लिहून ठेवतो. कोणत्या पाकपुस्तकात ते असं सापडायचं नाही.

मिरची आणली की देठासकट धुवायची. आधी देठ काढला तर भोकातून पाणी आत शिरतं आणि मग काही केल्या ती टिकत नाही. देठ हे मिरचीचं झाकण. धुऊन लुगड्याच्या धुवट धडप्यावर सावलीत पसरायची, एक रात्र. सकाळी हाताला ओल लागता कामा नये. मग देठ काढायचे, नासका भाग नखानं खुडायचा, उखळात जाडसर कुटायची. बारीक करायची नाही, बी दिसलं पाहिजे. कुटतानाच लसूण नि मीठ. मिठाचा हिशेब वजनानं सांगायचा तर किलोभर मिरचीला दोनशे ग्रॅम, थोडं जास्तच. आजीला किलो-ग्रॅम माहीत नव्हते. ती म्हणायची, "वली ठेवाची असन तं मिठाले हात आखडू नको, पोरा. मिठाची कंजूषी केली का बुरशी येते." मग ते सगळं मातीच्या नाहीतर चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी मिरचीचं पाणी सुटतं. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्यानं खालवर करायचं, चार दिवस. मग लिंबू पिळायचं, असलं तर. वर तेलाचा थर द्यायचा, असलं तर. हे 'असलं तर' तिच्या सगळ्या पाककृतीत असायचं. तेल नसेल तर मीठ वाढवायचं, एवढाच फरक.

कोल्हापूर-बेळगावकडे यालाच मेथी, हळद घालून रंजका करतात. नाव देखणं आहे.

यात शास्त्र आहे. मीठ मिरचीतलं पाणी बाहेर ओढतं, त्या खारट पाण्यात सडवणारे जंतू वाढत नाहीत, आंबवणारे थोडे वाढतात आणि आंबटपणा आणतात. लिंबानं तो आणखी वाढतो. तेलाचा थर हवा तोडतो. ओलं भांडं, ओला चमचा म्हणजे बुरशीला आवतण. शाळेत न गेलेल्या बाईनं हे सगळं हातानं शोधून हातानं पुढं दिलं. आणखी एक. हंगेरीतला सेंट-ज्योर्जी नावाचा शास्त्रज्ञ १९३० नंतरच्या वर्षांत क जीवनसत्त्व भरपूर कुठून मिळवावं या विवंचनेत होता, ते त्याला गावच्या लाल मिरचीत सापडलं. १९३७ साली त्याला नोबेल मिळालं. ओल्या लाल मिरचीत वजनाला वजन संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असतं, उन्हात वाळवली की त्यातलं बरंच उडून जातं. नागपूरची संत्री ज्यांच्या घरी कधी आली नाहीत त्यांच्या बरणीत ते होतं. मात्र उगाच फुगवून सांगायचं नाही. ठेचा कोणी पावशेर खात नाही, आणि पोट भरायला भाकरच लागते. उपाशी माणसाला जीवनसत्त्वाचं कौतुक ऐकवणं हा पांढरपेशा चावटपणा आहे.

मिठाचं आलंच आहे तर थोडं थांबू. ओली मिरची टिकवायला मीठ लागतं, आणि इंग्रजी राज्यात मिठावर कर होता. १८८८ साली तो मणामागे अडीच रुपये केला. पुढे कमी-जास्त होत राहिला, १९४७ साली उठला. हजार रुपये मिळवणारा जेवढं मीठ खातो तेवढंच हजेरीवरची बाई खाते, किंबहुना घाम गाळणारीला जास्तच लागतं. म्हणजे आमच्या पणजीच्या बरणीतल्या ठेच्यावर राणी सरकारचा कर बसलेला होता. १९३० साली दांडीला मीठ उचललं गेलं, तो धडा शाळेत सगळ्यांना आहे. पण मिरची धुवायला पाणीही लागतं ना! ते पाणी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, मिठाच्या तीन वर्षं आधी. ठेच्याला दोन्ही लागतं. पाठ्यपुस्तकात मिठाला पानं मिळाली, पाण्याला चार ओळी.

मिरची कुटणाऱ्या हाताबद्दल कोणी लिहीत नाही. मिरचीची आग बियांत नसते, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असते. ती आग पाण्यात विरघळत नाही. हात कितीही धुतले तरी जात नाही. तेल चोळावं लागतं, नाहीतर ताकात हात बुडवावे लागतात. आता सांगा, तेल-ताक ज्या घरात आहे त्या घरची बाई दुसऱ्याच्या मळ्यात मिरची तोडायला कशाला जाईल? जिच्या हाताला आग तिच्या घरी ताक नाही. ती रात्रभर हात ओल्या मातीत घालून बसते. डोळ्याला हात लागला तर रडते, तान्ह्याला पाजायला घेतलं तर पोर रडतं. ही आग शरीराला नेमकी कशी कळते, मिरचीचा जाळ आणि खऱ्या विस्तवाचा जाळ अंगातल्या एकाच दारातून कसा शिरतो, हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. योग्यच झालं. आमच्या बायांना ते दार फार आधीपासून माहीत होतं.

सत्तेलाही माहीत होतं. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी करायला कंपनी सरकारनं आयोग नेमला, त्याचा अहवाल १८५५ सालचा आहे. महसूल आणि पोलीस खात्यातले देशी अंमलदार रयतेकडून पैसा काढायला काय काय करत त्याची यादी त्यात आहे. डोळ्यांत आणि गुप्त जागी मिरचीची पूड घालणं त्या यादीत आहे. जहाजातून आलेलं फळ गरिबाच्या जिभेपर्यंत पोचलं आणि त्याच गरिबाच्या डोळ्यातही पोचलं. वस्तू आपोआप कोणाच्या बाजूची नसते.

आणि आपल्याच बाजूची एक खोड. पोराची दृष्ट काढायला मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकणं, दाराला लिंबू-मिरच्या बांधणं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत हे अजून चालतं, मी डोळ्यांनी बघतो. मिरची खायची वस्तू आहे. चुलीत घालायची असेल तर भाजून ठेच्यासाठी घाला.

आता अवघड भाग. ओल्या लाल मिरचीचं वाटण कशाकशात पडायचं? वांग्यात, अंबाडीत, सुक्या बोंबलात. आणि वजडीत, रक्तीत, चान्यांतही. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या त्या चान्या. अंगणात एका दोरीवर चान्या, खाली फडक्यावर मिरच्या, असं माझ्या आजीनं तिच्या लहानपणी बघितलेलं. उग्र वास मारायला लसूण-मिरचीचं वाटण लागायचंच. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका असं सांगितलं, आणि माणसांनी सोडलं. उपाशी राहून सोडलं. आमच्या घरातही त्या पदार्थांचं नाव काढायचं नाही असा दंडक होता. बरोबरच होतं ते. ढोराच्या मांसाबरोबर ढोर ओढायची सक्ती होती, तुकड्याबरोबर येसकरकी होती. पदार्थ टाकला तो गुलामीसकट.

पण त्या धांदलीत टिकवायची अक्कलही लाजेच्या गाठोड्यात बांधली गेली. वाळवणं, मुरवणं, खारवणं, नासक्यातून चांगलं खुडून काढणं ही विद्या होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली काढलं, त्यात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं सगळं न लाजता लिहिलं, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा वाटलं की हे लिहिता येतं. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. म्हणजे आम्ही एकीकडे लिहायला लागलो आणि दुसरीकडे सरकारनं ताटात हात घातला. आपण स्वतः ठरवून सोडणं वेगळं, कोणी हिसकावणं वेगळं. हा फरक ज्याला कळत नाही त्याला १९२७ कळलेलं नाही.

गीतेचा सतरावा अध्याय काढून बघा. तिखट, खारट, आंबट, जळजळीत अन्न ज्याला आवडतं तो राजस. शिळं, वास येणारं, उष्टं अन्न ज्याला आवडतं तो तामस. 'आवडतं' हा शब्द बघा. मनू उष्टं द्यायला सांगतो आणि गीता म्हणते उष्टं आवडणारा हलक्या वृत्तीचा! मग उष्टं देणाऱ्याची वृत्ती कोणती? आज याच विचारातून शाळेच्या पोषण आहारात अंडं नको, लसूण-कांदा नको असा आग्रह धरला जातो. आणि त्याच शहरांत मोठ्या हॉटेलात पांढऱ्या बशीत ठेच्याचा ठिपका ठेवून पैसे घेतात. कोल्हापुरी म्हणून विकतात, वऱ्हाडी म्हणून विकतात. गावाचं नाव चालतं, गावकुसाबाहेरचं चालत नाही.

शेवटी सातऱ्याकडे येतो. हा सातारा जिल्हा नव्हे. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे जिथं मिरचीचे ढीग घालून बाया देठ खुडतात त्या जागेला मिरची सातरा म्हणतात. घरातली ओली मिरची देठासकट धुतात ते सांगितलं, पण व्यापाऱ्याला पूड करायला बिनदेठाची मिरची लागते. तिला भाव जास्त. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर मांडवात शेकडो बाया सकाळपासून बसतात, तोंडाला पदर, समोर ढीग. मजुरी खुडलेल्या मिरचीच्या वजनावर. सुकी मिरची वजनाला हलकी, एक किलो भरायला शेकडो देठ खुडावे लागतात. दिवसभर ठसका, शिंका, डोळ्याला पाणी. या बाया बहुतेक आपल्या आहेत, आदिवासी आहेत, भूमिहीन आहेत. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची उलथणाऱ्या हातांत आदिवासींचेच हात जास्त. अवकाळी पाऊस आला की पेपरात व्यापाऱ्याच्या मिरचीचं नुकसान छापून येतं, बुडालेल्या मजुरीचं येत नाही.

इथं काम संपलं की माणसं खाली उतरतात. चंद्रपूर-गडचिरोलीतून, छत्तीसगडच्या बस्तर भागातून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला हजारो लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा ते तिकडेच होते. काम बंद, गाडी बंद. जंगलातून चालत निघाले. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी त्यांच्यात होती. तेलंगणातल्या मिरचीच्या शेतावरून तीन दिवस चालली, शंभरावर किलोमीटर. १८ एप्रिल २०२० ला घर थोडक्यावर आलं असताना वाटेतच गेली. तिच्या हाताला मिरचीची आग असेल का, असा प्रश्न मला पडला होता, आणि मग वाटलं, बारा वर्षांची मुलगी तिथं मिरची तोडायला का होती हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

आजी गेली त्या वर्षीची बरणी आईनं उघडली नाही बरेच दिवस. थंडी आली, बाजारात ओली लाल मिरची दिसायला लागली, तेव्हा काढली. वर मिठाची पांढरी साय धरली होती, खाली ठेचा गडद तांबडा, वास तोच. आईनं कोरडा चमचा शोधला, भाकरीवर वाढला. मग दोन किलो मिरची आणली आणि मला देठासकट धुवायला बसवलं.